दशमीचा पाट

२० जून २०२५

संघपालभाऊ,

वर 'सप्रेम नमस्कार' लिहिलं होतं, ते खोडलं. सहा वर्षांपूर्वी तुमची बदली झाली, त्या दिवशी तुम्ही सामान घेऊन एसटीत चढत होता आणि मी पानटपरीच्या मागे उभा होतो. गाडी हलेपर्यंत बाहेर आलो नाही. तुम्ही मला पाहिलं की नाही, ठाऊक नाही. पण त्यानंतर मी तुम्हाला सप्रेम म्हणणं बरं दिसत नाही.

फोन सोडून पत्र का, असं वाटेल. दोनदा फोन लावला होता. माझा आवाज ऐकून तुम्ही दोन्ही वेळा ठेवून दिला. एका परीनं बरंच झालं, कारण फोनवर मी फार गोड बोलतो हे तुम्ही जाणताच.

काम लहानसं आहे. तुम्ही आमच्या गावी ग्रामसेवक होता, तेव्हा घरकुलासाठी बेघर लोकांची पाहणी केली होती. तीत वच्छलाबाईचा पंचनामा होता. वच्छलाबाई म्हणजे आपल्या महादेवाच्या ओवरीत झोपते, देवळाची झाडलोट करते, फुलवाती वळते ती. नवरा दुसऱ्याच्या मळ्यावर राखणदार होता. तो गेला, मळा विकला गेला, झोपडी मोडली आणि ती माहेरच्या गावी परत आली. भाच्यांनी दारात उभं केलं नाही, म्हणून देवळात आली. हे सगळं तुम्हीच लिहून घेतलं होतं. त्या पंचनाम्याची प्रत जवळ असेल तर चिखलीहून इकडे येणाऱ्या कोणाजवळ तरी द्या.

यंदा बेघरांची यादी पुन्हा होते आहे. नव्या ग्रामसेविका प्रेरणाबाई म्हणतात की जुना ठराव आडवा येतो, त्याच्या विरुद्ध काही तरी कागद पाहिजे. पोरगी कामाची आहे. नियमावर बोट ठेवून बोलते, तुमच्यासारखीच.

बाईची सत्तरी उलटली. गेल्या हिवाळ्यात दोनदा तापानं पडली. देवस्थानतर्फे मी दोन ब्लँकेटं दिली. अन्नछत्र छान चाललं आहे. तुमच्या वेळी फक्त सोमवारी असायचं, आता रोज साठ-सत्तर पान उठतं. धामणगाव बढ्याहून बाजाराला जाणारे लोकसुद्धा थांबून जेवतात. तुम्ही पाहाल तर तुम्हालाही बरं वाटेल.

जुन्या गोष्टी उगाळण्यात अर्थ नाही. गावात राहायचं म्हणजे चार लोकांच्या कलानं घ्यावं लागतं. कागद तेवढा पाठवा.

उत्तमराव

११ जुलै २०२५

संघपालभाऊ,

पाकीट मिळालं. आत माझंच पत्र परत आलं होतं आणि त्याच्या खाली तुमच्या अक्षरात दोन ओळी: 'कागद माझ्याजवळ आहे. खोटं ग्रामसभेत बोललात, खरंही तिथंच बोला.'

पहिल्यांदा राग आला. खोटं कशाला सांगू. बायकोला, सत्यभामेला म्हणालो, एवढा काय मोठा लागून गेला हा माणूस. ती भाकरी थापत होती. म्हणाली, "त्याईनं काय चुकीचं लिव्हलं थे सांगा." मग मी शेतात निघून गेलो आणि दिवसभर गड्यांवर ओरडत राहिलो.

आता नीट लिहितो. तुम्हाला सगळं माहीत आहे, तरी मला ते माझ्या हातानं लिहायचं आहे, कारण आजवर मी ते कोणालाच सांगितलेलं नाही. सत्यभामेला जे ठाऊक आहे, ते तिनं तिच्या डोळ्यांनी पाहिलं म्हणून.

सहा वर्षांपूर्वीच्या त्या ग्रामसभेत तुम्ही यादी वाचायला उभे राहिलात. पहिलंच नाव, वच्छलाबाई, राहणार महादेव मंदिर, ओवरी. ते ऐकताच मला पलीकडचं गाव आठवलं. तिथं पुजाऱ्यानं देवळाच्या खोलीला आपलं नाव लावून घेतलं होतं आणि देवस्थान कोर्टाच्या पायऱ्या झिजवत होतं. मला वाटलं, आज ओवरी कागदावर चढली की उद्या तिचे भाचे हक्क सांगत येतील. ज्यांनी तिला दारात उभं केलं नाही, ते तिच्या मागून देवाची जागा मागतील. अध्यक्ष मी. बट्टा माझ्या नावाला लागेल.

मी उठलो आणि म्हणालो, "ओवरीत कोनी राह्यत नाही. थे देवाची जागा हाये. बाई येते न् जाते."

तुम्ही शांतपणे विचारलंत, "दादा, सकाळच्या आरतीला घंटा वाजवण्याआधी तुम्ही कोणाला उठवता?"

लोक हसले. ते हसू मला झोंबलं. माझ्याच गावात, मीच बांधलेल्या सभामंडपात, माझ्यावर. त्याच तिरमिरीत मी म्हणालो, बाई गावची रहिवासी नाही असं ज्यांना वाटतं त्यांनी हात वर करा. हात वर झाले. सगळ्यांना माहीत होतं ती कुठं झोपते, तरी झाले. आणि खांबाला टेकून वाती वळत बसलेल्या वच्छलाबाईनंही हात वर केला. मी सांगतो आहे म्हणजे करायचा असेल, असं तिला वाटलं. तिच्या बोटांत कापूस होता. तुम्ही तिच्याकडे पाहिलंत, मग माझ्याकडे पाहिलंत आणि खाली बसलात.

तुमच्याविरुद्धचा अर्जही मीच लिहिला. 'ग्रामसेवक बोगस नावे घुसवतात.' पाच ओळी होत्या. सह्या तिघांच्या, अक्षर माझं. तुम्ही ते ओळखलंच असणार, कारण आरतीच्या वह्या मीच लिहायचो आणि एक तुम्हीही मागून नेली होती. चौकशी, बदली, अडलेली बढती, हे सगळं त्या पाच ओळींतून झालं.

पुढचं तुम्हाला माहीत नसेल. गावची रहिवासी नाही असा ठराव झाल्यावर तिला रहिवासी दाखला मिळेना. दाखला नाही म्हणून निराधाराचं अनुदान बंद झालं. मग रेशनमधून नाव गेलं. बेघर आहेस हे सिद्ध करायला घरपट्टीची पावती आण, असा सगळा कारभार. एक दिवस माझ्या ओट्यापाशी येऊन म्हणाली, "बापू, रेशनवाला म्हनते माहं नाव नाही. नाव कुठं जाते बापू? मी तं इथंच हाओ."

मी म्हणालो, "पाह्यतो."

पाहिलं काही नाही. पण दुसऱ्याच सोमवारी मी देवस्थानच्या बैठकीत जाहीर केलं की अन्नछत्र आता रोज चालेल. लोकांनी टाळ्या वाजवल्या. उत्तमदादांना महादेवानं बुद्धी दिली म्हणाले. बुद्धी कसली, भाऊ. तिचं रेशन माझ्यामुळे तुटलं होतं आणि ती माझ्या डोळ्यांसमोर उपाशी बसली असती, ते मला सोसलं नसतं. एका बाईला जेवू घालायचं होतं, ते झाकायला साठ पानं मांडली.

अन्नदानासारखं दान नाही, असं मी लोकांना सहा वर्षं सांगतो आहे. खरंही असेल. पण तिच्या ताटात वाढताना मला पुण्य लागत होतं, गाव मला दादा म्हणत होतं. दाखल्याच्या एका ओळीत मला काहीच मिळणार नव्हतं. ते नुसतं तिचं होतं. म्हणून तर ते दिलं नाही.

पंधरा ऑगस्टला ग्रामसभा आहे. तिथं उभा राहून सांगतो. शब्द देतो.

उत्तमराव

१६ ऑगस्ट २०२५

संघपालभाऊ,

सांगितलं नाही.

झेंडावंदन झालं. सभेच्या सुरुवातीलाच सरपंचानं माझा सत्कार ठेवलेला होता, नित्य अन्नदानाबद्दल. शाल, श्रीफळ, शाळेच्या पोरींचं स्वागतगीत. नात अपेक्षा पहिल्या रांगेत बसून मोबाईलवर फोटो काढत होती. खांद्यावर शाल पडली आणि मी ती सावरत बसून राहिलो. वच्छलाबाई मागं, चपला काढतात तिथं बसली होती. तीही टाळ्या वाजवत होती.

प्रेरणाबाईंनी विचारलं, कोणाला काही सांगायचं आहे का. त्यांनी माझ्याकडेच पाहून विचारलं. मी चष्मा पुसत राहिलो.

लिहायला लाज वाटते, पण तुम्हाला शब्द दिला होता तर तो मोडल्याचं कळवायला हवं. यादी दिवाळीच्या आधी बंद होणार आहे.

उत्तमराव

१७ सप्टेंबर २०२५

संघपालभाऊ,

काल आमच्या आईची तिथी होती. पितृपक्षातली दशमी.

आमच्याकडची रीत तुम्हाला ठाऊक आहे. तिथीला पितर बसवतात. बापासाठी पुरुष, आईसाठी बाई. आई विधवा गेली असेल तर विधवाच बसवायची. तिला पाटावर बसवून हळदकुंकवाऐवजी नुसतं गंध लावायचं, पाय धुवायचे आणि त्या घटकेपुरती ती आपली आई समजायची. गावात विधवा आहेत, पण त्यांच्या सुना-लेकांना त्यांनी दुसऱ्याच्या घरी पितर म्हणून बसणं आवडत नाही. म्हणून नऊ वर्षं आमच्या घरी वच्छलाबाईच बसते. नुसती आमच्याकडे नाही. त्या पंधरवड्यात तिला रोज कोणाच्या तरी घरून बोलावणं असतं. ज्या गावानं हात वर करून ती इथली नाही म्हटलं, ते गाव वर्षातून पंधरा दिवस तिला पाटावर बसवून तिच्या पाया पडतं. मीही पडतो. ठराव झाला त्या वर्षीही पडलो होतो. हे तुम्हाला आजपर्यंत कधी लिहिलं नव्हतं.

काल सत्यभामेनं कढी, वडे, खीर, गवारीची भाजी असं सगळं केलं. मी वच्छलाबाईचे पाय धुतले. टाचांना भेगा पडून त्यात देवळाच्या फरशीची माती बसली होती, ती निघेना. पान वाढून झालं. पहिला घास घ्यायच्या आधी घरच्या कर्त्यानं पितराला विचारायचं असतं, ही आमच्या आजापासूनची रीत. मी हात जोडून विचारलं, "आई, मनात काही इच्छा हाये का?"

दर वर्षी ती म्हणते, "काही नाही बापू, सुखी राह्य." एवढं म्हटलं की जेवण सुरू होतं. लेक, सून, नात सगळे हात जोडून उभे होते, आणि भूकही लागलेली होती.

काल ती म्हणाली, "हाये."

मला वाटलं लुगडं मागेल. मीच म्हणालो, "सांग. लुगडं पाह्यजे?"

"लुगडं नको. मी ह्या गावात राह्यतो, एवढं चार लोकाइत सांग. थ्या दिवशी नाही म्हनलं होतं नं, आता हाव म्हन. यादी बंद होते म्हने थे पोरगी."

अपेक्षा माझ्या तोंडाकडे पाहत होती. मी विचारलं, "तुले तवाच समजलं होतं?"

"न समजाले काय झालं? माह्यासमोरच तं बोलला तू."

"मंग हात काऊन वर केला?"

"तू सांगतलं म्हून केला. तुह्या देवळात झोपतो, तुह्या हातचं खातो. खाली ठेवून जाऊ कुठं?"

मला वाटलं आता ही पानावरून उठेल. पितर न जेवता उठलं तर काय होतं ते सांगायला नको. तिनं खीर ओढून घेतली आणि सावकाश सगळं जेवली. वडा पुन्हा मागून घेतला. मी वड्यांची परात धरून उभा होतो, तर म्हणाली, "अन्नावर राग नाही माहा. त्यानं काय केलं?"

भाऊ, तिनं ते आईच्या जागेवर बसून मागितलं. आता माझ्याजवळ पळवाट नाही. पण खरं सांगू का, तिनं हे देवळाच्या पायरीवर बसून मागितलं असतं तर मी पुन्हा 'पाह्यतो' म्हणालो असतो. जिवंत बाईचं मी सहा वर्षं ऐकलं नाही, मेलेल्या आईचं ऐकावं लागतं आहे. याची लाज कालपासून जात नाही.

उत्तमराव

६ ऑक्टोबर २०२५

संघपालभाऊ,

दोन तारखेला दसरा आला म्हणून ग्रामसभा तीनला झाली. ती देवळापुढेच घ्या, असं मीच म्हणालो. शाल घरी ठेवून गेलो.

भाषण करायचं नव्हतं. उभा राहून एवढंच म्हणालो, सहा वर्षांपूर्वी ह्याच जागी मी खोटं बोललो. वच्छलाबाई नऊ वर्षांपासून ओवरीत राहते. मला ठाऊक होतं, तुम्हालाही ठाऊक होतं. आणि संघपालसाहेबांनी एकही नाव बोगस घातलं नव्हतं, तो अर्ज माझ्या हातचा.

गजेंद्र उठला. देवस्थानचा उपाध्यक्ष, तुम्ही ओळखता, आवाज मोठा. "दादा, देवाची जागा वाटून राह्यले का आता? उद्या चार भिकारी येतीन घराचा नंबर मागाले."

मी म्हणालो, "येऊ दे. देव त्याईच्या संगं रोजच राह्यते, मीच तेवढा दुपारी जेवून घरी जातो. गावठाणातली शाळेमागची जागा पडीक हाये, थे बाईच्या घरकुलाले देऊ. तवरोक ओवरीले पंचायतीचा नंबर टाका. देवाले अडचन असली तं थो मले सांगन."

हे मी धिटाईनं बोललो असं समजू नका. बोलताना खांब धरून ठेवला होता.

दोन गोष्टी मांडल्या. यापुढे ज्याच्या डोक्यावर छप्पर नाही त्याला घरपट्टीची पावती मागायची नाही, शेजारच्या दोन माणसांनी सांगितलं की तो इथं झोपतो, ते पुरे. आणि बेघरांची, निराधारांची यादी दर वर्षी पंगत बसायच्या आधी देवळात वाचायची. ज्याचं नाव सुटलं असेल, त्याला पंगतीतच विचारायचं. प्रेरणाबाई म्हणाल्या, पहिलं सरकारी नियमात कितपत बसतं ते वर विचारावं लागेल, दुसऱ्याला कोणाची हरकत असायचं कारण नाही. मी म्हणालो, विचारा, आणि लिहूनही घ्या.

मग हात वर करा म्हटलं. हळूहळू झाले, सगळे नाही. वच्छलाबाई त्याच खांबापाशी होती. तिनं हात वर केला नाही. कोणी तरी म्हणालं, अवं बाई, तुह्यासाठीच तं चाललं. ती म्हणाली, "मी कुठं राह्यतो थे मले मालूम हाये. मी काऊन हात वर करू?"

ठराव झाला. तुमच्यावरच्या अर्जाबद्दलचं माझं निवेदन सहीनिशी तुमच्या वरिष्ठांना स्पीड पोस्टानं पाठवलं आहे, प्रत सोबत आहे. तुमची गेलेली वर्षं त्यानं परत येणार नाहीत. निवृत्तीला एक वर्ष राहिलं असताना त्याचा तुम्हाला काय उपयोग, असं सत्यभामाही म्हणाली. तरी तुमच्या फायलीत माझ्या त्या पाच ओळी एकट्या राहू नयेत. माफी मागत नाही. तुम्ही भले माणूस आहात, मागितली तर द्याल, आणि मग मी पुन्हा निवांत झोपू लागेन.

अध्यक्षपद काल गजेंद्रकडे गेलं. अन्नछत्रात आता मी पत्रावळी मांडतो. कंबर धरते.

तुमचा कागद काही पाठवला नाहीत. आता लागलाही नाही.

काल प्रेरणाबाईंनी रहिवासी दाखला आणून दिला. वच्छलाबाईला वाचता येत नाही, म्हणून मी वाचून दाखवला. नाव, वय, राहणार महादेव मंदिर ओवरी, घर क्रमांक एकशे बारा. तिनं तो पुन्हा एकदा वाचायला लावला. मग घडी करून कापसाच्या डब्यात ठेवला आणि म्हणाली, "ज्यानं पयले माहं नाव लिव्हलं, थ्या साहेबाले बोलाव घराच्या पायव्याले." म्हणजे तुम्हाला. हे आमंत्रण तिचं आहे, माझं नाही, म्हणून बिनदिक्कत कळवतो. माझ्याशी नाही बोललात तरी चालेल.

मी उठता उठता म्हणालो, "पुढच्या दशमीलेही तूच ये. आईच्या पाटावर."

ती वात वळत होती. मान वर न करता म्हणाली, "नाही बापू. दुसरी कोनी पाह्य. लय वर्सं मेलेल्याइच्या नावानं जेवलो. आता मले माह्या नावानं जेवाचं हाये."

उत्तमराव